दोर्दोन्यच्या काठचे छोटे चढ

फ्रान्स आणि सायकल म्हटलं की आपल्याकडे बहुतेकांच्या डोळ्यांसमोर जुलैतली शर्यत येते, आल्प्स आणि पिरेनीजमधले न संपणारे घाट येतात. देशाच्या नैर्ऋत्येचा पेरिगोर हा प्रदेश त्यातला नाही. सार्ला गावाच्या आसपास साडेतीनशे मीटरच्या वर फारसं काही जातच नाही. तरीही इथे दिवसभरात ६० किलोमीटर सायकल चालवली की चढाईची बेरीज सहज ८००-९०० मीटर होते. ज्यांनी हा आकडा आधी पाहिलेला नसतो, त्यांची दुपारी दोनलाच दमछाक होते. वाई सोडून पसरणी घाटाला लागलं की दोन वळणांत श्वास बसतो, लय सापडते आणि तीच लय धरून पाचगणीपर्यंत जाता येतं. पेरिगोरमध्ये लय सापडायच्या आत चढ संपलेला असतो. दीड-दोन किलोमीटर चढ, लगेच उतार, ओढा, पूल, वळण आणि पुन्हा चढ. पायांना सलग काम नाही आणि सलग विश्रांतीही नाही.

या चढांबद्दलच लिहायचं आहे. इथली जुनी गावं कळायची असतील तर आधी चढ कळावे लागतात, असं माझं मत आहे. ज्या उंचीमुळे एखादं गाव सातशे वर्षं टिकलं, तीच उंची सायकलवर बसलेल्या माणसाला स्वतःच्या दमाने चढावी लागते. हे मोटारीच्या काचेतून कळत नाही.

दोर्दोन्य नदी पुई द साँसीच्या ज्वालामुखी डोंगरात उगम पावते आणि सुमारे ४८० किलोमीटर वाहून बोर्दोच्या खालच्या अंगाला गारोन नदीला मिळते. मधल्या टप्प्यात, सुयाकपासून लिमयपर्यंत, ती चुनखडीच्या पठारातून वाट कोरत जाते आणि मोठमोठी वळणं घेते. वळणाच्या बाहेरच्या अंगाला पाण्याची धार खडकावर आपटत राहते, तिथे पिवळसर उभा कडा तयार होतो. आतल्या अंगाला नदी गाळ टाकते, तिथे सपाट जमीन मिळते: मक्याची शेतं, अक्रोडाच्या बागा, तंबाखू सुकवायच्या जुन्या लाकडी कोठ्या. म्हणून शेतं खाली आणि गढ्या वर. रस्ता नदी सोडतो त्या क्षणी त्याला पठार चढावं लागतं, आणि पठार ओलांडलं की वेझेरच्या किंवा सेऊच्या खोऱ्यात उतरावं लागतं. नदीकाठाने गेलं तर सपाट, नदी सोडली तर शे-सव्वाशे मीटर. एवढं डोक्यात ठेवलं तर निम्मा नकाशा वाचून झाला.

उरलेला निम्मा नकाशा कागदाचाच घ्यावा. मिशलँच्या १:१,५०,००० प्रमाणाच्या नकाशात १ सेंटिमीटर म्हणजे दीड किलोमीटर. चढाच्या रस्त्यावर छोटे बाण असतात आणि त्यांचं टोक चढाच्या दिशेला असतं. एक बाण म्हणजे ५ ते ९ टक्के, दोन बाण ९ ते १३ टक्के, तीन बाण त्याहून तीव्र. सामान लादलेल्या सायकलीने तीन बाणांकडे जायचंच असेल तर उतरायला जावं, आणि तेही कोरड्या दिवशी. पिवळे रस्ते मधल्या वर्दळीचे, पांढरे बारीक रस्ते सायकलचे. रस्त्याला हिरवी कड असेल तर तो निसर्गरम्य समजावा, पण शांत समजू नये. नदीला लागून जाणारा डी ७०३ हा हिरव्या कडेचाच रस्ता आहे. ऑगस्टमध्ये त्यावर मोटारींची रांग लागते, आणि ला रोक-गाजाकपाशी कडा आणि नदी यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत बाजूला सरकायलाही जागा राहत नाही. तो सकाळी नऊच्या आत उरकावा.

मोबाइलमधली ॲप्स सोयीची आहेत, पण दोन बाबतींत ती दगा देतात. एक म्हणजे ती चढाची सरासरी काढतात. दोन किलोमीटरला सरासरी ६ टक्के दिसतं, त्यात दीडशे मीटरचा १४ टक्क्यांचा तुकडा लपलेला असतो आणि तिथेच साखळी ताणाखाली असताना गिअर बदलायची वेळ येते. दुसरी गोष्ट, सायकलसाठी रस्ता मागितला की ॲप खुशाल जंगलातली दगडी वाट दाखवतं. नकाशावर ‘डी’ क्रमांक असलेला रस्ता डांबरी असतो. कडेच्या मैलाच्या दगडाचा माथा पिवळा असेल तर तुम्ही तशा रस्त्यावर आहात.

आता गिअर. या प्रदेशात सहल बिघडते ती बहुतेक वेळा गिअरमुळे, आणि ते निघायच्या आधी घरीच ठरलेलं असतं. हिशोब करून पाहा. माणूस ७० किलो, सायकल १४, सामान १६, एकूण १०० किलो. चढ १० टक्के. समोर ३४ दात्यांचं चक्र आणि मागे सर्वांत मोठं २८ चं, अशी रस्त्यावरच्या शर्यतीच्या सायकलची नेहमीची जोडी असेल, तर ३५ मिलिमीटरच्या टायरवर पेडलच्या एका फेरीत सायकल साधारण २.६ मीटर पुढे जाते. मिनिटाला ६० फेऱ्या धरल्या तर वेग ताशी ९.४ किलोमीटर होतो आणि त्याला २७० वॅटच्या आसपास शक्ती लागते. सर्वसाधारण तब्येतीचा माणूस ती फार तर दोन-तीन मिनिटं देऊ शकतो. समोर ३० आणि मागे ३४ असेल तर एका फेरीत १.९ मीटर, वेग ताशी ६.८ आणि शक्ती २०० वॅटच्या आत. दमवणारं आहे, पण जमणारं आहे. आणि बसून जमणारं आहे, हे जास्त महत्त्वाचं. उभं राहून पेडल मारताना नजर पुढच्या चाकापलीकडे जात नाही. बसून, सावकाश, डोकं वर ठेवून चढलं तरच भिंतीतली जुनी कमान दिसते, अंजिराचं झाड दिसतं.

ही गोष्ट फ्रान्समध्ये शंभर वर्षांपूर्वी एका माणसाने हट्टाने सांगितली होती. सेंत-एत्येनचा पॉल द विवी (१८५३-१९३०), ज्याला सगळे ‘व्हेलोसिओ’ म्हणत, तो सायकलला एकाहून जास्त गिअर असावेत म्हणून आयुष्यभर झगडला. शर्यतवाल्यांना ते कमकुवतांचं लक्षण वाटे. टूर द फ्रान्समध्ये गिअर बदलायच्या यंत्रणेला परवानगी मिळाली ती १९३७ साली. सायकलप्रवाशांसाठी त्याने सात नियम घालून दिले होते. थांबे मोजके आणि थोडक्यात घ्या. थोडं थोडं वरचेवर खा, भूक लागायच्या आधी खा, तहान लागायच्या आधी प्या. भूक-झोप उडेल इतकं दमू नका. थंडी वाजायच्या आधी अंगावर घ्या, उकडायच्या आधी काढा. वाटेत दारू, मांस, तंबाखू नको. जोर लावू नका, विशेषतः सुरुवातीच्या तासांत. आणि दिखाव्यासाठी कधीच पेडल मारू नका. या शेवटच्या नियमाची गरज आज जास्त आहे, कारण आता प्रत्येक चढाची वेळ मोबाइल नोंदवत असतो.

गिअर बदलायचा तो चढ सुरू व्हायच्या आधी, पूल ओलांडतानाच. इथले उतार थेट पुलावर उतरतात आणि पलीकडे लगेच चढ असतो, त्यामुळे उताराच्या वेगात मोठ्या गिअरवर असलेली सायकल पाच सेकंदांत थबकते. अशा वेळी जोर लावत गिअर बदलला तर साखळी आतल्या बाजूला पडते किंवा मागचा डिरेलर, म्हणजे साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारी यंत्रणा, स्पोकमध्ये ओढला जातो. तसं झालं तर डिरेलरला फ्रेमशी जोडणारी ॲल्युमिनियमची पट्टी, म्हणजे हँगर, वाकतो किंवा तुटतो. प्रत्येक फ्रेमचा हँगर वेगळा असतो, त्यामुळे तो सार्लाच्या किंवा बर्जराकच्या दुकानात मिळेलच असं नाही. सुटे भाग नेताना पहिला मान हँगरचा. वजन वीस-तीस ग्रॅम.

बाकी सुटे भाग असे: दोन ट्यूब, ठिगळांचा संच, साखळीची जोडकडी (दहा आणि अकरा गिअरच्या साखळीची कडी वेगळी असते, आपली कोणती ते पाहूनच घ्यावी), ब्रेक पॅडची एक जोडी, मागच्या चाकाच्या उजव्या बाजूच्या मापाचे तीन स्पोक. स्पोक तुटतात ते जवळजवळ नेहमी तिथलेच, कारण कॅसेटच्या, म्हणजे मागच्या दातेरी चक्रांच्या संचाच्या, बाजूचे स्पोक जास्त ताणलेले असतात आणि मागच्या कॅरिअरचं वजनही त्यांच्यावरच येतं. ते बदलायला कॅसेट काढावी लागते आणि त्याचं हत्यार बहुतेक जण नेत नाहीत. हत्यार नसेल तर शेजारच्या दोन स्पोकचा ताण अर्धा-अर्धा आटा कमी करून चाक फ्रेमला घासणार नाही इतपत सरळ करावं आणि बेताने पुढचं गाव गाठावं. मंगळवार ते शनिवारमध्ये बिघडलं तर नशीब, कारण तिथली सायकल दुकानं बहुधा रविवार-सोमवार बंद असतात. ट्यूबचा व्हॉल्व्ह फ्रान्समध्ये बहुधा बारीक, प्रेस्टा प्रकारचा. आपल्या रिमला जाड व्हॉल्व्हचं भोक असेल तर त्यात प्रेस्टा हलतो आणि मुळाशी फाटतो. त्यासाठी छोटी चकती घ्यावी.

सामान सोळा किलोंच्या आत ठेवणं या प्रदेशात शक्य आहे, कारण रोज संध्याकाळी गाव येतं. जड वस्तू खाली आणि शक्य असेल तर थोड्या पुढच्या चाकावर. सगळं मागे लादलं की उतारावर ताशी ४० च्या पुढे हँडल थरथरायला लागतं. तसं झालं तर घाबरून पुढचा ब्रेक आवळू नये. गुडघा फ्रेमच्या नळीला टेकवावा आणि मागचा ब्रेक हळूहळू लावावा, थरथर थांबते. ३५ मिलिमीटरच्या टायरमध्ये मागे ५५-६० आणि पुढे ४५-५० पीएसआय हवा पुरते. जास्त भरली तर इथल्या खरबरीत डांबरावर मनगटं बधिर होतात.

सुरुवात सुयाकपासून करावी. पॅरिसच्या ऑस्टरलिट्झ स्थानकावरून लिमोज, ब्रीव, काओर करत तुलूझला जाणाऱ्या गाड्या तिथे थांबतात. गावातल्या बाराव्या शतकातल्या मठाच्या चर्चवर घुमट आहेत आणि दारापाशी संदेष्टा इसाया याचं नाचल्यासारखं वळलेलं शिल्प आहे. गाडीतून उतरून तासभर तिथे द्यावा. पुढे काझुलेसपासून सार्लापर्यंत जुन्या रेल्वेमार्गावर केलेली सायकलवाट लागते. आगगाडीला तीव्र चढ चालत नाहीत, म्हणून हा सगळा टप्पा सौम्य आहे. पहिल्या दिवशी पायांना, सामानाला आणि गिअरला तपासून घ्यायला याहून चांगली जागा नाही. काही कुरकुरत असेल, घासत असेल, तर इथेच कळतं.

सार्ला मात्र घाईत बघायचं शहर नाही. १९६२ साली फ्रान्सने जुन्या वस्त्या पाडण्याऐवजी राखण्याचा कायदा केला, तो तेव्हाचे सांस्कृतिक मंत्री आँद्रे माल्रो यांच्या नावाने ओळखला जातो. त्या कायद्याखाली सर्वांत आधी ज्या शहरांचा जीर्णोद्धार झाला, त्यांत सार्ला होतं. शहराच्या मधोमध एकोणिसाव्या शतकात एक सरळसोट रस्ता फोडला आहे. गर्दी त्याच्या पूर्वेला थांबते. पश्चिमेचा भाग चढाचा, गल्ल्यांचा आणि बराच शांत आहे. सायकल कुलपात ठेवून तिकडे चालत जावं. छपरांकडे लक्ष द्या. जुन्या छपरांवर कौलं नसून चुनखडीच्या जाड फरश्या एकावर एक रचलेल्या आहेत, दर चौरस मीटरला अर्धा टनाच्या आसपास वजन. म्हणूनच ती छपरं एवढ्या उभ्या उताराची असतात: वजन वाशांवर न पडता भिंतीकडे उतरतं. ज्या दगडाने दिवसभर चढ चढायला लावले, तोच भिंतीला आणि छपराला वापरलेला आहे. बुधवारी आणि शनिवारी बाजार भरतो. शनिवारी मुक्काम सार्लात असेल तर सायकल मुक्कामीच ठेवा, ढकलायलाही वाट मिळत नाही.

सार्लाहून वित्राककडे उतरून, नदी ओलांडून सेनाकला गेलं की समोर दोम. गावाचा कठडा नदीपासून दीडशे मीटर वर आहे. मघाचं शंभर किलोंचं गणित धरलं आणि दीडशे वॅट सांभाळून लावले, तर दर १०० मीटर उंचीला साधारण बारा मिनिटं लागतात. म्हणजे दोमसाठी सतरा-अठरा मिनिटं. हाच हिशोब दिवसभरासाठी वापरावा: ९०० मीटर चढाई म्हणजे पावणेदोन तास नुसते चढायला, सपाटीचा वेळ वेगळा. किलोमीटर मोजून मुक्काम ठरवणारे इथे रात्री नऊला पोचतात.

फ्रान्सचा राजा तिसरा फिलिप याने १२८१ मध्ये दोम वसवलं. त्या काळात फ्रेंच आणि इंग्रज राजे एकमेकांना शह द्यायला आखीव गावं वसवत होते. इंग्रज राजा पहिला एडवर्ड याने तीनच वर्षांनी इथून नैर्ऋत्येला माँपाझिये वसवलं. ते पठारावर असल्यामुळे काटकोनात आखलेलं, चारशे मीटर लांब आणि दोनशे वीस मीटर रुंद, आजही जवळजवळ तसंच. दोमला टेकडीने काटकोन पाळू दिले नाहीत. तटबंदी आहे ती उताराच्या बाजूंना. उत्तरेला, नदीच्या अंगाला, कडा एवढा उभा की तिथे तट बांधायची कुणाला गरजच वाटली नाही. १५८८ मध्ये, कॅथलिक-प्रोटेस्टंट युद्धात, जोफ्रुआ द व्हिवाँ या प्रोटेस्टंट सरदाराने रात्री नेमक्या त्याच कड्यावरून निवडक माणसं चढवून गाव घेतलं. मराठी माणसाला इथे सिंहगड आठवल्याशिवाय राहणार नाही. कठड्यावर उभं राहून खाली वाकून पाहा, ती चढाई काय असेल याचा अंदाज येतो. पूर्वेकडच्या जुळ्या बुरुजांच्या दरवाजात भिंतीवर कोरलेल्या खुणा आहेत. १३०७ मध्ये धरपकड झालेले टेम्पलर या धर्मयोद्ध्यांच्या पंथाचे सरदार तिथे कैदेत होते आणि त्या खुणा त्यांच्याच, असं मानलं जातं.

दोमहून उतरताना ब्रेकची परीक्षा होते. सलग दाबून धरू नका. जोरात दाबा, सोडा, पुन्हा दाबा, म्हणजे डिस्क थंड व्हायला वेळ मिळतो. पॅडचा घासायचा थर मिलिमीटरभर उरला असेल तर निघण्यापूर्वीच बदलावा, आणि नवा पॅड पंधरा-वीस वेळा वेगातून हळू करत बसवून घ्यावा. नवाकोरा पॅड घालून थेट दोमच्या उतारावर जाणं धोक्याचं आहे. गावातल्या गोटेदार गल्ल्या पावसात साबणासारख्या होतात, तिथे उतरून चालावं.

पलीकडच्या काठाला ला रोक-गाजाक कड्याच्या पोटाला चिकटलेलं आहे. कडा दक्षिणाभिमुख असल्याने ऊन साठतं आणि ताडाची झाडं तगतात. पण त्याच कड्याचा मोठा तुकडा १९५७ मध्ये घरांवर कोसळला आणि तीन माणसं गेली. पुढे बेनाक आणि कास्तेल्नो हे दोन किल्ले नदीच्या दोन काठांवर समोरासमोर. शतवर्षीय युद्धात (१३३७-१४५३) बेनाक फ्रेंचांकडे आणि कास्तेल्नो बराच काळ इंग्रजांकडे होता. नदी हीच सीमा. बेनाकला नदीकाठच्या गावातून किल्ल्यावर जाणारी गल्ली इतकी उभी आहे की सायकल ढकलणंही अवघड. मागून वळसा घालणारा मोटररस्ता काही किलोमीटर जास्तीचा, पण चालवता येण्याजोगा. मला विचाराल तर दोन्ही किल्ले चढू नयेत. सायकल खाली ठेवून बेनाक पायी चढावा आणि कास्तेल्नो तिथून नदीपलीकडे पाहावा. एका किल्ल्याची जागा दुसऱ्यावरूनच नीट समजते. कास्तेल्नोच्याच काठाने पुढे मिलांदची गढी आहे. गायिका-नर्तिका जोसेफिन बेकर यांनी ती १९४७ मध्ये विकत घेतली आणि दत्तक घेतलेल्या बारा मुलांना तिथे वाढवलं.

आता जेवणाबद्दल, कारण इथे घड्याळ चढांइतकंच कडक आहे. दुकानं साडेबाराला बंद होतात आणि अडीच-तीनला उघडतात. हॉटेलचं स्वयंपाकघर बारा ते दीड-पावणेदोन चालतं. दोन वाजता पोचलेल्याला कॉफीच मिळते. रविवारी दुपारनंतर आणि सोमवारी छोट्या गावात पावही मिळेल याची खात्री नाही. म्हणून सकाळी पहिल्या बेकरीतच दुपारची सोय करून घ्यावी. अडीचशे ग्रॅमच्या एका बगेतमध्ये (लांब फ्रेंच पाव) साधारण १३०-१४० ग्रॅम कर्बोदकं असतात, म्हणजे चढाच्या रस्त्यावर अडीच-तीन तासांचं इंधन. सोबत रोकामादूरच्या बकरीच्या चीजच्या पस्तीस ग्रॅमच्या दोन चकत्या, टोमॅटो, मूठभर अक्रोड. दुकानात शिरताना आधी ‘बोंजूर’ म्हणावं आणि मग हवं ते मागावं. ते न म्हणणं तिथे सरळ उद्धटपणा समजला जातो.

शाकाहारी लोकांनी नीट वाचावं. पेरिगोर हा बदकाचा मुलूख आहे. सार्लाच्या पद्धतीचे बटाटे नुसते बटाटे दिसतात, पण ते बदकाच्या किंवा हंसाच्या चरबीत परतलेले असतात. पेरिगोरच्या सॅलडमध्ये बदकाच्या पोटाचे तुकडे असतात. भाज्यांच्या सूपातही चरबी असू शकते. ऑम्लेट चालत असेल तर ते सर्वांत खात्रीचं, नाहीतर बाजारातून सामान घेऊन छोट्या गॅसवर शिजवावं. गावपंचायतीच्या तंबूतळांवर त्याची सोय असते. घरून फराळ नेताना एक लक्षात ठेवा: युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे. पेढे, बर्फी, तूप घरीच ठेवा. शेंगदाण्याची चिक्की, खजूर, भाजलेली डाळ यांना अडचण नाही, आणि चढावर चिक्कीइतकं कामाचं दुसरं काही नाही.

पाणी नदीकाठच्या गावांत मिळत राहतं. चौकातल्या नळावर ‘ओ नों पोताब्ल’ अशी पाटी असेल तर ते पिऊ नये. नळ दिसला नाही तर दफनभूमीकडे वळावं, फुलांना घालायला तिथे बहुधा नळ असतो. मात्र पाटी तिथेही पाहावी. लिमयला दोर्दोन्य आणि वेझेर यांचा संगम आहे आणि एकमेकांना काटकोनात दोन पूल आहेत. तिथून वेझेरच्या काठाने वर गेलं की लेझेझी. १८६८ मध्ये क्रो-मान्यों या अश्मयुगीन मानवाचे सांगाडे इथल्याच एका कपारीत सापडले. या भागातला चढ अगदी सौम्य, मोंतिन्याकपर्यंत निवांत जाता येतं, फक्त मुख्य रस्ता टाळून सेन-लेओंच्या बाजूचे पांढरे रस्ते धरावेत. मोंतिन्याकजवळची लास्कोची मूळ चित्रगुहा १९४० मध्ये चार मुलांना सापडली, १९४८ मध्ये लोकांसाठी उघडली आणि माणसांच्या श्वासाने चित्रं खराब होऊ लागल्यामुळे १९६३ मध्ये बंद झाली. आता पाहायची ती प्रतिकृती, टेकडीच्या पायथ्याशी २०१६ मध्ये उघडलेली. अस्सल रंगीत चित्रं पाहायची असतील तर लेझेझीजवळच्या फों-द-गोममध्ये. तिथे रोज मोजकेच लोक आत सोडतात, म्हणून आधी आरक्षण करून त्याभोवती बाकीचा कार्यक्रम बसवावा.

मोंतिन्याकहून सुयाककडे परतताना सेंतामाँ-द-कोलीचं किल्ल्यासारखं चर्च वाटेत आहे, तेही दगडी फरश्यांच्या छपराचं. पाय शाबूत असतील तर सुयाकहून एक दिवस रोकामादूरसाठी ठेवावा. हा भाग वेगळा आहे. ग्रामाचं पठार कोरडं, दगडी, खुरट्या ओकांचं. पाऊस पडतो पण पाणी वर राहत नाही. भेगांतून खाली जातं आणि जमिनीखालून वाहतं. जवळच्या पादिराकच्या विवरात १८८९ मध्ये मार्तेल हा संशोधक उतरला, तेव्हा त्याला १०३ मीटर खोल वाहती नदी सापडली. वरच्या प्रवाशाला याचा अर्थ एवढाच की दोन गावांमध्ये झरा-ओढा काही नाही. उन्हाच्या दिवशी माणशी अडीच-तीन लिटर पाणी घेऊनच चढावं. रोकामादूर दरीच्या भिंतीवर टांगल्यासारखं आहे. वरच्या लोस्पितालेच्या कठड्यावरून ते आधी पाहावं, सायकल तिथेच कुलपात ठेवावी आणि पायी उतरावं. यात्रेकरू जे गुडघ्यांवर चढत, तो २१६ पायऱ्यांचा जिना सायकलचे बूट घालून चढू नये. खालच्या धातूच्या पट्ट्या गुळगुळीत दगडावर सटकतात.

रस्त्याचे कायदे थोडक्यात. गावात चौकात काहीच पाटी नसेल तर उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, मग तो बोळातून येणारा ट्रॅक्टर का असेना. आणि वाहनं रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात. रिकाम्या रस्त्यावर सकाळी निघताना आपला हात डावीकडे जातो, हे दर वेळी आठवावं. गावाबाहेर मोटारीने सायकलला दीड मीटर अंतर सोडायचं असतं आणि बहुतेक जण ते सोडतात. रात्री किंवा धुक्यात गावाबाहेर चमकणारं जाकीट सक्तीचं. कानात इअरफोन घालायला बंदी. घंटा आणि दिवे हवेतच. ‘ग्राव्हियों’ अशी पाटी दिसली की वेग कमी करा: उन्हाळ्यात रस्त्यावर डांबर ओतून वर सुटी खडी पसरतात आणि ती दाबायचं काम मोटारींवर सोडतात. वळणावर ती खडी हमखास पाडते. तिथे वळणाच्या आधीच ब्रेक लावून घ्यावा, वळणात नाही.

जाण्याचे महिने मे-जून आणि सप्टेंबर. जूनच्या अखेरीस रात्री साडेनऊनंतरही उजेड असतो, त्यामुळे दुपारी बारा ते चार विसावून उरलेले चढ संध्याकाळी घेता येतात. सप्टेंबर-ऑक्टोबरात खोऱ्यात सकाळी दाट धुकं असतं आणि दोमच्या कठड्यावर लख्ख ऊन. अशा दिवशी दिवसाची सुरुवात उंचावरच्या मुक्कामातून केली तर धुकं विरेपर्यंत थांबावं लागतं, कारण उतार ओला असतो आणि समोरचं दिसत नाही.

परतीच्या गाडीत सायकलसाठी जागा आधी आरक्षित करावी लागते आणि त्या जागा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या असतात. तिकीट काढतानाच सायकलचंही काढावं. प्रादेशिक गाड्यांत बहुधा आरक्षण लागत नाही, जागा असेल तर चढता येतं. टीजीव्ही या अतिवेगवान गाडीने जायचं आणि जागा मिळाली नाही, तर चाकं काढून सायकल १३० बाय ९० सेंटिमीटरच्या पिशवीत घालावी लागते. ती पिशवी सोबत ठेवलेली बरी. विमानासाठी खोकं भरताना डावं पेडल उलट्या आट्याचं असतं हे लक्षात ठेवा, डिरेलर सोडवून फ्रेमच्या आत बांधा, पुढच्या फोर्कच्या टोकांमध्ये लाकडाचा किंवा प्लास्टिकचा ठोकळा अडकवा. बॅटरीची सायकल घरून न्यायचा विचार असेल तर सोडून द्या: १६० वॅट-तासांहून मोठी बॅटरी प्रवासी विमानात चालत नाही आणि अशा सायकलींच्या बॅटऱ्या सहसा त्याच्या दुप्पट-तिप्पट असतात. ती सार्लात भाड्याने मिळते. घेताना चार्जर मागून घ्या, आणि आठ-नऊशे मीटर चढाईच्या दिवशी सर्वाधिक मदतीच्या बटणावर राहिलात तर ती संध्याकाळपर्यंत पुरणार नाही, हे धरून चाला.